भाजलेलं बी

आमच्या घरात तांदूळ धुतलेलं पाणी मोरीत ओतायची कुणाची हिंमत नाही. ते चवळीचं. भाज्या धुतलेलं पाणीही चवळीचंच. मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत नळाला पाणी इतक्या दिवसांनी येतं, की ज्या दिवशी येतं त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा पोचते आणि साहेबही काही बोलत नाहीत, कारण त्यांच्या घरीही तीच तऱ्हा असते. अशा गावात भाजीपाला लावायचा म्हणजे हौसच म्हणायची. ही हौस माझी नाही, माझ्या सासूबाईंची आहे, आणि सासूबाईंच्या हौसेपुढे मी इतक्या वर्षांत एकदाही जिंकलेली नाही.

बाग म्हणावी असं काही नाही. घराची भिंत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये चार फुटांची मातीची पट्टी आहे. एका टोकाला नवऱ्याची मोटरसायकल, दुसऱ्या टोकाला कपडे धुवायचा दगड. मधल्या जागेत मिरच्या, थोडी मेथी, एक कढीपत्ता आणि कंपाउंडला लागून चवळी. भिंतीवर उभ्या केलेल्या सळयांना नायलॉनची दोरी बांधून सासूबाईंनी मांडव केला आहे. त्यावर वेल चढला की पावसाळ्याच्या मध्यापासून शेंगा लोंबायला लागतात. त्या बाजारात जुडीने मिळतात तशा वीतभर नसतात. हातभर लांब, करंगळीपेक्षा बारीक, आणि नेहमी जोडीने. सकाळी बघावी तर बोटभर असते, दोन-तीन दिवसांनी जाऊन बघावं तर वाऱ्यावर झुलत असते. आणखी दोन दिवस विसरलं की आतून फुगते, साल चिवट होते आणि मग ती भाजीच्या कामाची राहत नाही.

ती तोडायचीही एक रीत आहे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा शेंग धरून सरळ ओढायची. सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "देठ ओढू नको. शेंग तेवढी मोड. त्याच देठाला पुन्हा लागतात." मी मान डोलावली आणि पुन्हा ओढली. घाई हा माझा जुना आजार आहे. त्यांनी माझ्या हातातली परडी काढून घेतली आणि त्यानंतर कितीतरी वर्षं मला त्या मांडवाखाली जाऊ दिलं नाही.

हे बी त्यांच्या माहेरचं. चितेगावच्या अलीकडे त्यांच्या वडिलांचं रान होतं. आता तिथं एका कारखान्याच्या मालमोटारी उभ्या असतात. माझा नवरा त्याच रस्त्याने रोज कामाला जातो आणि रोज त्या जागेवरून पुढे जातो, पण त्याला तिथं काही वाटत नाही. सासूबाईंना वाटतं. एकदा गाडीतून जाताना त्यांनी फक्त काचेतून बघितलं आणि म्हणाल्या, "इथं बांधावर चवळी असायची." बस, एवढंच. बी मात्र त्यांनी लग्नात येताना आणलं होतं आणि दर वर्षी राखलं होतं. पहिल्या बहराच्या चांगल्या चार-सहा शेंगांना लाल चिंधी बांधायची, त्या कुणी तोडायच्या नाहीत. वेलावरच वाळू द्यायच्या. आतलं बी तांबडं, एका टोकाला पांढरं. असं बी मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. अर्थात मी कुठे पाहणार? आमच्या माहेरी, नांदेडला, वडील कारकून आणि आजोबा पूजा सांगणारे. शेतीशी आमचा संबंध पंचांगातल्या पावसाच्या नक्षत्रांपुरता.

आमच्या गल्लीत सगळे म्हणतात की सासूबाईंच्या हातचं लागतं. म्हणजे त्यांनी टोबलेलं बी उगवतं, त्यांनी लावलेलं रोप धरतं. यात खरं किती आणि कौतुक किती हे मला ठाऊक नाही, पण लोक बोलावतात. कोपऱ्यावरच्या मास्तरांकडचा कढीपत्ता त्यांनी लावलेला. त्यांच्या शेजारच्या वहिनींकडची जाई त्यांनीच लावलेली. तीन घरं सोडून एक मुसलमान कुटुंब राहतं, त्यांचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या भाभी तर गच्चीवरच्या ड्रममध्ये एक दाणाही स्वतः टाकत नाहीत. "अम्मा, तुमीच आके लगाओ. मेरे हात का तो कुछबी नै लगता," असं म्हणून हाताला धरून जिन्याने वर घेऊन जातात. सासूबाई गुडघ्यांना नावं ठेवत चढतात, पण चढतात. परत येताना चेहऱ्यावर जे काही असतं ते मी दारातून बघत आले आहे. एरवी त्या घरात कुणाला लागत नाहीत. मुलगा कामावर, मी ऑफिसात, नातवंडं पुण्याला. पण जून आला की गल्लीला त्या लागतात.

आणि हे त्यांना चांगलं माहीत आहे. त्या मिरवतातही. "हिच्या हातची तुळस दोनदा वाळली," हे वाक्य मी पाहुण्यांसमोर किती वेळा ऐकलंय याचा हिशेब नाही. मी हसून घेत असे. तुळस खरंच दोनदा वाळली होती.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी सुट्टी काढून कडधान्यांच्या मागे लागले. पावसाळ्याआधी सगळे डबे उपसायचे, ऊन दाखवायचं, चाळायचं, आणि मग मूग, मटकी, चवळी कढईत मंद आचेवर परतून घ्यायची, म्हणजे भुंगे लागत नाहीत. ही माझ्या आईची पद्धत. आमच्या माहेरी कुठल्याही डब्यात कधी भुंगा निघाला नाही, आणि या एका गोष्टीचा मला अभिमान आहे. सासूबाई भाजत नाहीत, त्या कडुलिंबाचा पाला घालतात, आणि त्यांच्या डब्यात भुंगे निघतात. यावरून आमची दर उन्हाळ्यात थोडी खडाजंगी ठरलेली.

वरच्या फळीवर बिस्किटांचा एक चपटा पत्र्याचा डबा होता. उघडला तर आत पाला आणि दोनेक मुठी चवळी. तीन-चार दाण्यांना भोकं पडलेली. मी मनात म्हटलं, घ्या, हा बघा तुमचा पाला. पाला फेकला, किडके दाणे वेचले, बाकीची चवळी इतरांच्या पाठोपाठ कढईत टाकली, चांगली गरम होईपर्यंत परतली, गार केली आणि त्याच डब्यात भरून ठेवली. दाणे तांबडे होते, टोकाला पांढरे होते. मी बघितलं नसेल असं नाही. पण कढईसमोर उभी असताना मला तो दाणा दिसत होता, बी दिसत नव्हतं.

बी त्या नेहमी आपल्या ट्रंकेत पुरचुंडी करून ठेवायच्या. त्या वर्षी ट्रंकेजवळ उंदराने कपडे कुरतडले म्हणून त्यांनी ते पत्र्याच्या डब्यात घालून स्वयंपाकघरात ठेवलं होतं. मला तसं सांगितलंही होतं म्हणे. मला आठवत नाही.

मृग लागून जमीन ओली झाली आणि एका रविवारी सकाळी त्यांनी पट्टीत पाट मांडला. खुरप्याने भिंतीच्या कडेने दहा आळी केली. मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते. त्याच वेळी भाभी गेटपाशी आल्या होत्या, आमच्याकडचं झालं की अम्मांना घेऊन जायला. सासूबाईंनी त्यांना मोठ्या आवाजात सांगितलं, "ही उभी आहे तिकडं बघू नको. हिची नजर गेली तरी बी उगवायचं नाय." भाभी हसल्या. मीही हसले, दात दाखवण्यापुरतं. मग त्यांनी पदराखालून तो चपटा डबा काढला.

हाच डबा मी मे महिन्यात कढईत रिकामा केला होता.

त्यांनी दाणे तळहातावर घेतले, उजेडाकडे धरले आणि म्हणाल्या, "यंदा बी जरा काळवंडलंय." मग एकेका आळ्यात तीन-तीन दाणे बोटाने दाबत गेल्या. मी बोलले नाही. का बोलले नाही, याची कारणं मी त्यानंतर स्वतःला पुष्कळ दिली. भाभी होत्या, त्यांच्यासमोर कसं सांगणार. फार भाजलं नव्हतं, गरमच तर केलं होतं, उगवेलही. ही सगळी कारणं खरी आहेत. पण त्यांच्याखाली आणखी एक होतं. नुकतंच माझं हसं झालं होतं आणि मनाच्या एका कोपऱ्यात आलं, की बघू या आता, कुणाच्या हाताचं काय उगवतं ते. हे लिहायला मला जड जातंय, पण आलं होतं.

भाभींचा ड्रम त्या दिवशी राहिला. सासूबाईंची पाठ भरून आली होती. आमची चवळी वर आली की दुधी लावायला येते, असं त्यांनी कबूल केलं.

चवळीचं बी चौथ्या दिवशी वर येतं. आधी मातीला भेग पडते, मग कुबड काढलेला हिरवा देठ दिसतो, आणि संध्याकाळपर्यंत तो पाठ सरळ करून उभा राहतो. चौथ्या दिवशी काही झालं नाही. पाचव्या दिवशी त्यांनी तांदळाचं पाणी बंद केलं, ओल जास्त झाली असेल म्हणून. सहाव्या दिवशी बोटाने एक आळं उकरलं. दाणा फुगून मऊ पडला होता. त्यांनी तो नाकाशी नेला आणि फेकून दिला. मी ऑफिसला जायला निघाले होते. त्यांनी वर बघून मला विचारलं, "कुजलं का गं हे?" मी म्हटलं, "पाऊस झाला ना मध्ये, आई." आणि चप्पल घालून निघाले.

आठव्या दिवशी डब्यात उरलेलं सगळं बी त्यांनी पुन्हा टोबलं. या खेपेला आळी थोडी उंच केली, पाणी हाताने शिंपडलं. सांगायचं असतं तर तेव्हा तरी सांगायचं होतं. पण पहिल्यांदा गप्प बसलं की दुसऱ्यांदा तोंड उघडणं फार अवघड होऊन बसतं. आता फक्त बी भाजल्याचं सांगून भागणार नव्हतं, आठ दिवस गप्प बसल्याचंही सांगावं लागणार होतं.

दुसरंही उगवलं नाही.

त्यानंतर घरात मोठं असं काही घडलं नाही, आणि तेच वाईट होतं. सासूबाई रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. दुपारी पायरीवर बसून त्या आपले दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवून बघायच्या. भाभी बोलवायला आल्या तर म्हणाल्या, "नको गं. माझ्या हातचं आता लागत नाय. तुझं बी फुकट जाईल." भाभी म्हणाल्या, "अम्मा, ऐसा नक्को बोलो." पण त्या उठल्या नाहीत. मास्तरांच्या घरून लिंबाच्या रोपासाठी बोलावणं आलं, त्यांनाही तेच सांगितलं. जाईवाल्या वहिनींना गेटवरून परत पाठवलं. एका संध्याकाळी विरजण लावायची वाटी माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "हे बी तूच लाव." आमच्या घरात दही त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी लावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. नवऱ्याने त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, छाती बघितली, सगळं ठीक आहे म्हणाले, वय झालंय म्हणाले. नवरा रात्रीच्या जेवणाच्या ताटावर मला म्हणाला, "आईला काहीतरी झालंय." मी त्याला भाजी वाढली.

मग एका दुपारी त्यांनी मला ट्रंकेजवळ बोलावलं. हिरवी इरकल साडी काढून, झटकून, घडी घालून सगळ्यात वर ठेवली होती. म्हणाल्या, "ही वरच राहू दे. ऐनवेळी शोधत बसू नका." मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलता, आई." त्या म्हणाल्या, "काहीतरी नाय. मातीला कळतं माणसाचं. आमच्या आईचंबी असंच झालं होतं, आधी हात गेला." त्या अगदी शांतपणे बोलत होत्या, उद्या कुठली भाजी करायची हे सांगावं तशा. आणि मी, एका वाक्यात त्यांचं मरण मागे ढकलू शकणारी मी, साडीवर हात फिरवत बसले. पाच-सात मिनिटं बसले असेन. मग उठून चहा ठेवला.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं मी म्हणणार नाही. लागली. पण सकाळी उठल्यावर मला एक युक्ती सुचली, आणि युक्ती सुचली की माणसाला वाटतं आपण सुटलो.

ऑफिसमधून येताना मी मोंढ्याच्या बाजारात जाऊन बियाण्याच्या दुकानातून लांब चवळीचं पाकीट आणलं. गुरुवारी दुपारी सासूबाई देवळात भजनाला जातात. त्या भजनाला जायच्या थांबल्या नव्हत्या, एवढं एक नशीब. मी अर्धी रजा टाकून घरी आले आणि त्यांच्याच आळ्यांत, त्यांच्यासारखेच तीन-तीन दाणे बोटाने दाबले. दाणे काळे होते. ते मला दिसलं, पण मातीखाली कोण बघणार? वर पाणी शिंपडलं, खुरपं होतं तिथं ठेवलं, हात धुतले. चोरी करून आल्यासारखं वाटत होतं. पण मनात समाधान असं होतं, की जणू मी काही फार चांगलं काम केलंय.

सोमवारी सकाळी दहापैकी नऊ आळ्यांत कोंब आले. माझ्या हातचं, म्हणजे ज्या हाताची तुळस वाळते त्या हातचं. मी पळत आत गेले. "आई, उठा! चवळी आली बघा! उशिरा आली, पण आली!"

त्या उठल्या. पदर सावरत, भिंत धरत बाहेर आल्या, आणि पाटावर न बसता सरळ मातीतच बसल्या. पहिलं आळं बघितलं, दुसरं बघितलं. त्यांचा चेहरा उजळत होता, ते मी बघत होते आणि मला इतका आनंद झाला होता की डोळ्यांत पाणी आलं. मग त्या थांबल्या. चवळी उगवताना दाण्याची साल कधी कधी वरच्या दोन जाड पाकळ्यांना चिकटून वर येते. तिसऱ्या आळ्यातल्या एका कोंबाच्या डोक्यावर तशी साल होती. त्यांनी ती नखाने अलगद काढली, बोटांवर चोळली आणि माझ्यासमोर धरली.

"हे काळं आहे," त्या म्हणाल्या. "माझं बी तांबडं."

त्यांनी साल माझ्यासमोरून हटवली नाही.

"कुणी लावलं?"

"मी."

"का?"

मी त्यांच्यासमोर मातीत बसले आणि सगळं सांगितलं. डबा, भुंगे, कढई, दुकानातलं पाकीट. घाईघाईने सांगितलं, जसं मी सगळंच करते. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "तुला कवा कळलं?"

"तुम्ही टोबत होता तेव्हा."

"पहिल्या खेपेला का दुसऱ्या?"

मला खोटं बोलता आलं असतं. दुसऱ्या खेपेला म्हटलं असतं तरी ते त्यांना थोडं सोसलं असतं. "पहिल्या," मी म्हटलं.

"आन् मी साडी काढली तवा बी तुला ठाऊक होतं."

मी मान हलवली.

त्यांनी ती काळी साल मातीत टाकली. मग भिंतीला धरून उठल्या. मी आधार द्यायला हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. आत गेल्या आणि मी ऑफिसला निघेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. पण दुपारी त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. नवऱ्याची त्या दिवशी सुट्टी होती, मी ऑफिसातून त्याला फोन करून विचारलं तेव्हा त्याने आश्चर्याने सांगितलं.

संध्याकाळी मी घरात पाऊल टाकताच म्हणाल्या, "भाभीकडं जा. मागल्या साली तिला आपलं बी दिलं होतं. असेल तर मागून आण. आन् कशाला पाहिजे ते सांगून माग."

मी गेले. भाभींना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला, "या अल्ला, भून डाला?" आणि मग मला वाटलं होतं तशा त्या हसल्या नाहीत. गच्चीवर गेल्या आणि औषधाच्या एका बाटलीत ठेवलेले पंधरा-वीस तांबडे दाणे घेऊन आल्या. बाटली माझ्या हातात देताना एवढंच म्हणाल्या, "इत्ते दिन अम्मा घर में बैठी थी, इसके वास्ते?"

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझी काळ्या बियांची रोपं उपटली नाहीत. उगवलेलं उपटायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. त्या रोपांच्या मधल्या जागेत पाच नवी आळी केली. प्रत्येक दाणा त्यांनी दोन-दोनदा उजेडाकडे धरून बघितला, मगच दाबला. इतक्या वर्षांत मी त्यांना असं चाचपडताना पाहिलं नव्हतं. बी भाजलेलं होतं हे आता त्यांना माहीत होतं, तरी त्या घाबरल्या होत्या. आपलं काही संपलं असं माणसाने एकदा मनाशी मानलं की कारण कळूनही ते मानलेलं लगेच पुसलं जात नाही, हे मला तेव्हा समजलं. मी दारात उभी होते. त्यांनी या वेळी माझी थट्टा केली नाही.

ते चार दिवस मी देवाजवळ जे मागितलं, ते पोरांच्या परीक्षांच्या वेळीही मागितलं नसेल.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. पाचही आळ्यांत कुबड काढलेले हिरवे देठ होते. त्यांनी एकेका देठाला बोट लावलं. मग पदराने तोंड पुसलं आणि पुसत राहिल्या. मी जवळ जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने म्हणाल्या, "चहा घे आन् चल माझ्यासंगं."

"कुठं?"

"मी ज्याला ज्याला नाय म्हणलं, त्याच्याकडं."

आम्ही तीन घरी गेलो. आधी भाभींकडे, मग मास्तरांकडे, मग जाईवाल्या वहिनींकडे. प्रत्येक गेटवर त्या थांबायच्या आणि माझ्याकडे बघायच्या, आणि मी सांगायचं. "आईंचं बी मी चुकून भाजलं होतं. म्हणून उगवलं नाही. त्यांच्या हाताला काही झालेलं नाही." सांगून झालं की त्या मान वर करून पुढे सरसावायच्या. मास्तरांच्या बायकोने तोंडाला पदर लावून हसू दाबलं. मला लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती. भाभी त्यांना दंडाला धरून वर घेऊन गेल्या आणि राहिलेला दुधी लागला. मास्तरांकडे लिंबाचं रोप लागलं. वहिनींकडे लावायला काही नव्हतं, तर त्यांनी घाईघाईने पुदिन्याची काडी शोधून आणली. सासूबाईंनी तीही तेवढ्याच मनापासून लावली.

परत येताना त्यांचे हात मनगटापर्यंत मातीने भरलेले होते. मला वाटलं, आता सगळं मिटलं. आता बोलायला हरकत नाही. मी म्हटलं, "चुकलं माझं, आई."

त्या चालत राहिल्या. मग म्हणाल्या, "बी भाजलंस ते चुकलं. ते माझ्याकडूनबी झालं असतं. गप बसलीस, ते चुकून नाय."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, मला ते जमतं. पुढे नळाच्या पाइपसाठी रस्ता खणून ठेवला होता आणि मातीच्या ढिगाऱ्यावरून जायचं होतं. तिथं त्यांनी माझा खांदा धरला. मी त्यांच्या चालीने पावलं टाकत गेले, आणि आम्ही घरी आलो.